निवडणुकीचं काम, रोखीनं

आमच्या गल्लीत एक नियम आहे. कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंत ज्याच्याकडे म्हणून छपाईचं यंत्र आहे त्याला तो पाठ आहे: निवडणुकीचं काम उधारीवर घ्यायचं नाही. लग्नपत्रिका उधार चालते. दिवाळी अंक तर उधारीवरच चालतात. क्लासवाल्यांच्या नोट्सचे जूनचे पैसे डिसेंबरात येतात आणि आपण ते हसून घेतो. उमेदवाराकडून मात्र कागदाचे आणि प्लेटचे पैसे आधी, आणि उरलेले गठ्ठे टेम्पोत चढायच्या आधी. मतमोजणीच्या दुपारनंतर पडलेला उमेदवार फोन उचलत नाही, आणि निवडून आलेल्याचा फोन दुसराच कुणीतरी उचलतो.

वडिलांनी हा नियम मला धंद्याबरोबर दिला. तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे दिवस संपत आले होते आणि संगणकावरची अक्षरजुळणी नुकती गल्लीत शिरली होती. त्यानंतर इतक्या पक्षांची, इतक्या रंगांची पत्रकं मी छापली की मला आता राजकीय मत उरलंय की नाही, याची घरच्यांना शंका आहे. मला मात्र वाटतं, मत आहे. फक्त ते कागदाच्या बाजूने बनलेलं आहे. पत्रक वाचणारा माणूस आणि पत्रकाचं प्रूफ वाचणारा माणूस यांना एकच मजकूर वेगवेगळा दिसतो.

म्हणजे बघा. नोव्हेंबर २०२४. दिवाळी नुकती झालेली, अंकांचे शेवटचे गठ्ठे गेलेले, मशीनमन दोन दिवस गावाला जायचं म्हणत होता. २० तारखेला विधानसभेचं मतदान. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मजकूर येतो, बरोबर 'काका अर्जंट' आणि हात जोडलेले. मी प्रूफ पाठवतो. पहाटेपर्यंत दुरुस्त्या येत राहतात, आणि सगळ्या वरच्या पट्टीच्या. म्हणजे नेत्यांच्या फोटोंच्या. अमक्या साहेबांचा फोटो तमक्या दादांच्या उजवीकडे घ्या. ताईंचा गोल थोडा मोठा करा. दिल्लीवाले मोठे, मुंबईवाले मध्यम, जिल्ह्याचे बारीक, पण इतकेही बारीक नाहीत की ते चिडतील. खालच्या मजकुरात काय लिहिलंय याची चौकशी मला फारशी कुणी केल्याचं आठवत नाही.

एका पत्रकात ओळ होती, 'प्रभागातील … तरुणांना रोजगार'. मधली जागा रिकामी, आकडा टाकायचा राहून गेलेला. मी फोन करून विचारलं, किती टाकू? पलीकडचा मुलगा कुठल्या तरी रॅलीत असावा, मागे ताशा वाजत होता. म्हणाला, "टाका की काका, जागेत बसेल तेवढा." मी जागा मोजली. 'हजारो' बसत होतं. 'शेकडो'सुद्धा बसत होतं, पण त्याचा पक्ष बघता त्याला ते कमी वाटलं असतं.

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत तर मजकुराची ही अडचणही मिटली. चार सदस्यांचे प्रभाग, त्यामुळे एका पत्रकावर चार उमेदवार, त्यांच्या वर नेत्यांची पट्टी, खाली चार निशाण्या. उरलेल्या दोन बोटं जागेत काय मावणार? 'विकासाला साथ'. एवढंच मावतं, आणि एवढंच मावलं. मागची महापालिका मार्च २०२२ मध्ये मुदत संपून घरी गेली होती. जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. त्या चार वर्षांत इच्छुकांनी लोकांना उज्जैन दाखवलं, अष्टविनायक घडवला, दिवाळीला उटण्याची पाकिटं वाटली, पैठणीचे खेळ घेतले. त्या सगळ्यांची कूपनं आणि फ्लेक्स आमच्या गल्लीतूनच गेले. शहराला नगरसेवक नव्हते, पण 'भावी नगरसेवक' कधी नव्हते एवढे होते. धंद्याच्या दृष्टीने त्या वर्षांबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक बारीक ओळ असते. मुद्रकाचं नाव, पत्ता, प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क. हे नाव नसेल तर मुद्रकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक जाहीर झाली की छापखानेवाल्यांना याची पत्रं येतात, बैठकी होतात. प्रकाशकाने प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या, छापून झालं की प्रत वर पाठवायची. मी हे सगळं करतो. आणि दरवेळी तेच मनात येतं, की ह्या अख्ख्या कागदावर कायद्याला बांधलेला मजकूर एवढाच. वर चार रंगांत जे काही लिहिलंय, मोफत अमुक, दुप्पट तमुक, ते कुणालाच बांधत नाही. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं हा भ्रष्ट आचार ठरत नाही. निवडणूक आयोगाला मात्र मार्गदर्शक सूचना करायला सांगितल्या. आयोगाने त्या केल्या. आश्वासनामागचं कारण द्या, पैसा साधारण कुठून आणणार ते सांगा, असं आचारसंहितेत लिहिलेलं आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात तर आयोगाने पक्षांपुढे एक नमुनाच ठेवला, आश्वासनाचा खर्च किती आणि तो भागवणार कसा याचा. असा तक्ता आजवर माझ्याकडे जुळवायला आलेला नाही. आला तर पैसे कमी घेईन. तक्ते जुळवायला मला आवडतात.

खर्चाच्या मर्यादेचंही तसंच. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. पक्षाला मात्र मर्यादाच नाही. त्यामुळे उमेदवार माझ्याशी हँडबिलाच्या दरावरून घासाघीस करतो आणि त्याच सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाला पक्षाच्या जाहिरातीचं आख्खं पान गुंडाळलेलं असतं.

त्या बारीक ओळीचा एक परिणाम मात्र कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. पत्रकावर उमेदवाराचा पत्ता बहुधा नसतो, माझा असतो. त्यामुळे निवडणुकीनंतर कधीमधी माझ्याकडे माणसं येतात. एकदा एक आजोबा घडी घातलेलं पत्रक घेऊन जिना चढून आले आणि ज्येष्ठांच्या मोफत तपासणीचं केंद्र इथेच का, असं विचारू लागले. त्यांना पाणी दिलं.

लोक जाहिरातींना विटले, असं हल्ली फार ऐकू येतं. पण विटणं नवीन नाही. १९९५ साली युतीने एक रुपयात झुणका-भाकर देऊ म्हटलं, आणि दिलीही. केंद्रं निघाली, लोक खाऊ लागले. पुढे अनुदान बंद झालं. पाटी 'झुणका-भाकर केंद्र' आणि आत वडापाव, पुढे चायनीज, असं चित्र कितीतरी दिवस दिसायचं. मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं, हे त्याच निवडणुकीतलं. २००४ च्या विधानसभेआधी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने शेतीपंपांची वीज माफ केली. निवडणूक जिंकली, आणि पुढच्या वर्षी बिलं पुन्हा सुरू. त्याच वर्षी दिल्लीतलं सरकार 'इंडिया शायनिंग'च्या चकचकीत पानांसकट गेलं. २०१४ ला 'अच्छे दिन' आले, निदान जाहिरातीत तरी. काळा पैसा परत आला तर प्रत्येकाला पंधरा-वीस लाख मिळतील असं प्रचारात सांगितलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमित शहांनी एका मुलाखतीत तो जुमला होता असं सांगून टाकलं. २०१४ च्याच विधानसभेला 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' ही जाहिरात इतकी गाजली की लोकांनी ती पुढे प्रत्येक खड्ड्यासाठी वापरली, सरकार कुणाचंही असो.

या सगळ्यात लोक दर वेळी चिडले, हसले, विसरले. २०२४ मध्ये मला जे दिसलं ते यातलं काहीच नव्हतं. लोकांनी आमच्या गल्लीचा नियम उचलला होता.

बायंडिंगला आमच्याकडे एक मावशी येतात. पत्रकांच्या घड्या घालण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. पट्टी न वापरता अंगठ्याच्या नखाने कडा दाबतात आणि दोन पानांत केसाचाही फरक येत नाही. २०२४ च्या जुलैत त्या दोन दिवस आल्याच नाहीत. लाडक्या बहिणीचा अर्ज. बँकेत आधार जोडलेलं नव्हतं, शिधापत्रिका गावाकडे. धावपळ करून अर्ज भरला. ऑगस्टात बालेवाडीला कार्यक्रम झाला, राखीपौर्णिमेच्या आत दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात. ऑक्टोबरात तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्हींचे मिळून, म्हणजे नोव्हेंबरचे आगाऊ. मग आचारसंहिता. मग आमच्याकडे पत्रकं यायला लागली. महायुतीच्या पत्रकावर २,१००, महाविकास आघाडीच्या पत्रकावर ३,०००. दोन्हींच्या घड्या मावशींनीच घातल्या.

मी त्यांना चहाच्या वेळी विचारलं, तीन हजारवाले जास्त देतायत की.

"देतील तेव्हा देतील, दादा. हे पंधराशे आलेत."

आणि एकवीसशे?

"ते पण आल्यावर बघू. मी काय त्यांच्या भरवशावर बसलेय का?"

बायका पंधराशेला भुलल्या, असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शिकलेली माणसं लिहीत होती, तेव्हा मला मावशी आठवत होत्या. भुलणारा माणूस असा बोलत नाही. पुढच्या आकड्यावर त्यांनी काडीचा विश्वास ठेवला नव्हता. कागदाचे आणि प्लेटचे पैसे आधी आले का, एवढंच त्यांनी बघितलं होतं. आणि हे केवळ मावशींचं नाही. ग्रुपवरच्या त्याच शहाण्या माणसांना मार्च २०२४ मध्ये सिलिंडर शंभर रुपयांनी आणि पेट्रोल दोन रुपयांनी स्वस्त झालं, तेव्हा लगेच कळलं होतं की आचारसंहिता आठवड्यावर आलीय. कळलं, आणि टाकी भरून घेतली.

मला यात लबाडी दिसत नाही. उलट इतक्या वर्षांच्या बुडीत खात्यानंतर माणूस शहाणा झाला असं म्हणता येईल. पण ज्याने रोखीचा व्यवहार आयुष्यभर केलाय त्याला त्याची दुसरी बाजूही माहीत असते. रोख घेतली की हिशेब तिथेच मिटतो. मग पुढे विचारायला तोंड राहत नाही.

निवडणुकीनंतर एका दुपारी काम नव्हतं. वाया गेलेल्या प्रुफाच्या पाठीवर मी मावशींना एकवीसशेचा हिशेब मांडून दाखवला. वाढीव सहाशे, गुणिले बारा महिने, गुणिले सुमारे दोन कोटी चाळीस लाख बायका. उत्तर आलं १७,२८० कोटी. त्यांना शून्यं मोजायला आवडेनात, म्हणून शेजारी पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अख्खं अंदाजपत्रक लिहिलं: १२,६१८ कोटी. म्हणजे रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, कचरा, नोकरांचे पगार असं आपलं सगळं शहर एका पारड्यात घातलं तरी ही नुसती वाढच जड. राज्यावरचं कर्ज त्याच वर्षी नऊ लाख कोटींच्या वर जाणार होतं. हा गुणाकार तिसरीतल्या पोराला येतो. पत्रक लिहिणाऱ्याला आला नव्हता असं मला वाटत नाही. त्याला हेही माहीत होतं की वाचणाऱ्याने तो आधीच सोडून दिलाय.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात एकवीसशे नव्हते. जाहीरनामा पाच वर्षांचा असतो, असं उत्तर आलं. त्याच महिन्याच्या अखेरीला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामती तालुक्यात शेतकऱ्यांना ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा असं सांगितलं. कर्जमाफी प्रचारात होती, तिजोरीत नव्हती. निदान स्पष्ट बोलले, असं आमचा मशीनमन म्हणाला. त्याच्या भावाचं कर्ज आहे, तरी म्हणाला. पुढे योजनेची छाननी सुरू झाली. लाभ घेणाऱ्यांत हजारो पुरुषही निघाले. मग ई-केवायसी आली. त्यात नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर ओटीपी जायचा. मावशींचे दोघेही वारलेत. त्या मोबाइल हातात घेऊन मला विचारत होत्या, "आता ओटीपी कुठून आणू?" पुढे दाखले अंगणवाडीत द्यायची सोय झाली. तिथली रांगही त्यांनी लावली. एवढी कागदपत्रं, एवढे पुरावे मावशींकडून. पंधराशेच्या मोबदल्यात ते मागायला काही हरकत नाही, पण पत्रक छापून घेणाऱ्याकडून कुणी एकवीसशेचा एकही पुरावा मागितला नव्हता.

पुण्याला आणखी एक प्रकार ओळखीचा आहे, आधी काढून घ्यायचं आणि मग परत दिल्याची जाहिरात करायची. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. लेखापरीक्षणाचे आक्षेप आले, २०१८ मध्ये राज्य सरकारने ती थांबवली, नव्या घरांना पूर्ण बिलं येऊ लागली, पुढे जुन्यांनाही फरकाची. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक झाली. तीन दशकांच्या आसपास भाजपकडे असलेली जागा काँग्रेसने घेतली. त्यानंतर काही आठवड्यांत सरकारला सवलत पुन्हा सुचली. मग श्रेयाचे फ्लेक्स लागले, एकापेक्षा जास्त पक्षांचे, आणि लोक मात्र पीटी-३ चा अर्ज, पंचवीस रुपये आणि आपण आपल्याच घरात राहतो याचा पुरावा घेऊन रांगेत. 'आभार' या शब्दाची ती प्लेट मी दोन पक्षांसाठी वापरली, रंग बदलून. काम एकाच आठवड्यात आलं होतं.

पण ही सवलत, ते पंधराशे, हे सगळं मोजून हातात देता येतं. जे मोजून देता येत नाही त्याचं काय? सिंहगड रस्त्याच्या टोकाला, शहरात नव्याने आलेल्या गावांपैकी एकात माझी धाकटी बहीण राहते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात, नांदेड-किरकटवाडी-धायरीच्या पट्ट्यात, गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण निघायला लागले. आकडा दोनशेच्या आसपास गेला. धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ जात होतं, काहींना व्हेंटिलेटर लागला. संशय पाण्यावर गेला, विहिरीच्या आणि टँकरच्या. त्या दिवसांत बहीण पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून भाच्याला द्यायची आणि तरी त्याने पायाला मुंग्या आल्या म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा.

जलवाहिनीचे पैसे खात्यात आगाऊ टाकता येत नाहीत. शुद्धीकरण प्रकल्प राखीपौर्णिमेच्या आत जमा होत नाही. त्याला जागा ताब्यात घ्यावी लागते, निविदा, मंजुऱ्या, खोदाई, आणि हे सगळं एका निवडणुकीत सुरू होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी काळात संपतं. तेव्हा ते उधारीवरच द्यावं-घ्यावं लागतं. आणि आपण उधारी बंद केलीय. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जाचा करार २०१६ च्या जानेवारीत झाला. त्याचं नाव मी किती कार्यअहवालांत छापलं, कुठल्या कुठल्या रंगात छापलं, आता सांगता यायचं नाही. नदी बघायला मात्र भिडे पुलापर्यंत चालत जावं लागतं, आणि नाकावर रुमाल असला तर बरं.

महापालिकेच्या प्रचारात बहिणीच्या सोसायटीत उमेदवारांची माणसं आली. एकामागून एक, सगळ्याच पक्षांची. मीही त्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त बँकवाले. त्यांनी आधीच लेटरहेडवर एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. निवडून आल्यास आमच्या गल्लीत नळाचं पाणी आणण्यासाठी काय काय आणि कोणत्या महिन्यापर्यंत करणार, दोन-तीन रिकाम्या जागा, खाली सही. कज्जा काढायचा नव्हता त्यांना. म्हणाले, मी फक्त फाइलला लावणार आहे.

पहिल्या पक्षाचा माणूस हसला आणि पत्र खिशात घालून गेला. दुसऱ्याने वरिष्ठांना विचारतो म्हटलं. तिसरा तरुण होता, मनाने चांगला असावा. त्याने पत्र नीट वाचलं, महिन्याच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "काका, सही नका मागू. पत्रकात टाकतो ना. तुमच्या सोसायटीचं नाव टाकून, उद्याच्या उद्या दहा हजार छापून आणतो."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. माझी बहीण माझ्याकडे बघायला लागली. मी कढीत भात कालवत होतो.

जेवणं झाल्यावर खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. सहीचा विषय, उमेदवारांकडून उत्तर आलं नाही, असं इतिवृत्तात लिहून संपला. पुढचा विषय उन्हाळ्यातल्या टँकरसाठी देखभाल शुल्कात वाढ करण्याचा होता. तो सर्वानुमते मंजूर झाला, कारण टँकरवालाही पैसे आधी घेतो.